पावसाळ्यात पेंडीच्या पोत्यांना बुरशी लागते, काय करावं? बुरशीचा भाग काढून बाकीची पेंड वाळवून घातली तर चालते का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. नाही चालत. कडक उन्हात वाळवली तरी नाही. उन्हानं बुरशी सुकते, कुबट वास जातो, पण बुरशीनं सोडलेलं विष पेंडीतच राहतं. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत हे पहिल्यांदा सापडलं. सरकी पेंडीत आणि मक्याच्या भरड्यातही हे विष होतं. म्हैस कोंबडीसारखी लगेच मरत नाही, म्हणून आपल्याला वाटतं पचलं. प्रत्यक्षात खाणं कमी होतं, दूध तुटतं, आणि विषाचा काही भाग दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. 'म्हशीला नको तर कोंबड्यांना टाकू' हेही करू नका, कारण पिल्लं आणि बदकं याला सगळ्यात आधी बळी पडतात. असं पोतं लांब खड्ड्यात पुरून टाका.

आता साठवणीचं. मी कोल्हापूरच्या पश्चिमेला राहतो. इकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात. लोक वरून गळणाऱ्या पाण्याची काळजी करतात, पण पोती जास्त करून खालून खराब होतात. कोबा वरून कोरडा दिसला तरी खालची ओल वर येते. पोतं उचलून त्याच्या बुडाला हात लावून बघा, थंड आणि चिकट लागलं तर समजा बुरशीचं काम सुरू झालंय. म्हणून पोती लाकडी पॅलेटवर किंवा विटांवर फळ्या टाकून ठेवायची. जमिनीपासून वीतभर आणि भिंतीपासून हातभर लांब. झाडू आणि मांजर, दोन्ही मागून जाता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट पत्र्याची. रात्री पत्रा गार पडतो, आतली वाफ त्याला लागून थेंब धरते आणि सकाळी थप्पीवर टपकते. छत गळतंय म्हणून लोक डांबर लावत बसतात. थप्पी पत्र्यापर्यंत नेऊ नका, वर मोकळी जागा सोडा. ताडपत्री टाकायची तर वरून छपरासारखी, चारी बाजूंनी गुंडाळून नाही. गाडीतून उतरलेली गोळी पेंड कोमट लागत असेल तर पोती आधी सुटी सुटी उभी करा, गार होऊ द्या, मग थप्पी मारा. खिडकीचं म्हणाल तर ऊन पडलं की उघडायची, धार लागली की बंद.

एक कारण कुणी सांगत नाही, ते म्हणजे ओलं माप. आंबोण (जनावराचं भिजवलेलं खाद्य) कालवताना त्याच ओल्या हातानं, त्याच भिजलेल्या डब्यानं पोत्यात हात घातला जातो. दोन दिवसांत तिथे गाठी होतात. कोरडं माप पोत्याजवळ वेगळं टांगून ठेवा. पिंप वापरत असाल तर तळातला जुना चुरा झाडल्याशिवाय वरून नवीन ओतू नका.

मका घेताना ओल तपासायची सोपी युक्ती आहे. काचेची कोरडी बाटली, त्यात मूठभर मका आणि दोन चमचे अगदी कोरडं मीठ. चांगलं हलवून दहाएक मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, तो मका साठवायचा नाही. साठवायला १२ टक्क्यांच्या आसपास हवी. पोत्यात कडुलिंबाचा पाला घालतात तो किडीसाठी. बुरशीवर त्याच्या भरवशावर राहू नका, आणि पाला ओला असेल तर उलट ओल आत नेतो.

टॉक्सिन बाइंडरची, म्हणजे खाद्यातलं विष धरून ठेवणारी, पावडर डेअरीवर मिळते. थोडाफार उपयोग होतो, पण दिसणारी बुरशी असलेली पेंड त्यानं खाण्यालायक होत नाही. दुकानदार काहीही म्हणो.

आणि मे महिन्यात स्वस्त मिळाली म्हणून चार महिन्यांची पेंड भरून ठेवू नका. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस पुरेल एवढीच आणा, आलेल्या तारखेप्रमाणे पोत्यावर खडूनं खूण करा आणि जुनं आधी संपवा. पोत्यामागे थोडे पैसे जास्त जातात, पण एक पोतं पुरावं लागलं तर हिशोब तिथेच फिटतो.

कडब्याच्या गंजीचं वेगळं विचारा, तिथे निम्मं काम रचणाऱ्याच्या हातात असतं.