शब्दांचे ढग आणि हरवलेल्या वेलांट्या

सातवीच्या मुलांचे ‘माझी शाळा’ निबंध टाइप करून फुकटच्या साइटवर वर्ड क्लाऊड (जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणारं शब्दांचं चित्र) केला. एका साइटवर नुसते चौकोन आले, दुसरीवर अक्षरांचे तुकडे. माझं काय चुकलं? – एक शिक्षिका, सातारा

तुमचं काही चुकलं नाही, बाई. हे दोन वेगळे आजार आहेत. चौकोन आले म्हणजे निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. यादीत मुक्त, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी दिसला तर तो घ्या.

तुकडे पडतात ते मात्र साइटच्या आतल्या हिशेबामुळे. बऱ्याच प्रोग्रॅमना काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं वाटतच नाहीत, स्वल्पविरामासारखी खूण वाटते. तिथे शब्द संपला असं समजून ते पुढे जातात. ‘शिक्षक’मधली वेलांटी गेली, पाय मोडण्याची खूण गेली, शिवाय एकेकटी अक्षरं टाकून दिली, की उरतो फक्त ‘षक’. ‘मुलगी’चा होतो ‘लग’. म्हणून सगळे निबंध ओतण्याआधी हे दोनच शब्द टाकून पाहा. ते धड आले तर साइट कामाची.

पण खरं काम पुढेच आहे. मुलं लिहितात शाळा, शाळेत, शाळेला, शाळेच्या. यंत्राच्या लेखी हे चार वेगळे शब्द, त्यामुळे निबंधाचा विषयच ढगात बारीक दिसतो आणि मधोमध ‘आहे’ बसतो. इंग्रजीतले किरकोळ शब्द साइट आपोआप गाळते. आपले आणि, पण, तर, होता, आमच्या हे आपणच काढायचे. त्यापेक्षा बहुतेक साइटवर शब्द आणि त्यापुढे आकडा अशी यादी देता येते, ती वापरा. फळ्यावर मुलांकडूनच मोजून घ्या: शाळा ४१, मैदान १८, खिचडी १५. सामान्यरूपाचा धडाही त्यातच होऊन जाईल. आणि यादी दिली की साइटला वाक्य तोडावं लागत नाही.

पूर्वी वर्डल नावाची छान साइट होती. आता शोधलं की पाच अक्षरांचा खेळ येतो! – निवृत्त ग्रंथपाल, नाशिक

नाव तेच, वस्तू वेगळी. तुमचं वर्डल आयबीएममध्ये काम करणाऱ्या जोनाथन फाइनबर्ग यांनी २००८ साली आणलं. ते ब्राउझरमधल्या जावा या प्रोग्रॅमवर चालायचं. ब्राउझरांनी जावाला दार बंद केलं आणि तेही गेलं. खेळ २०२१चा. आता वर्डआर्ट, वर्डक्लाऊड्स वगैरे साइट आहेत. युक्ती साधारण जुनीच: मोठा शब्द आधी बसवायचा, पुढचा कशाला धडकला की गोल गोल बाहेर सरकवत जागा शोधायची.

सहकाऱ्याच्या निरोप समारंभासाठी सगळ्यांकडून तीन-तीन शब्द मागवले. ‘मदतीला धावणारा’ तुटून दोन ठिकाणी गेलं. – बँक कर्मचारी, ठाणे

पुन्हा यादीच. एका ओळीत अख्खा शब्दसमूह ठेवा. आणि आधी ‘मनमिळाऊ’, ‘मनमिळावू’, ‘मनमिळाउ’ एकत्र करा, नाहीतर बिचाऱ्याचा मोठेपणा तीन जागी वाटला जाईल. उभे शब्द बंद करा. शिरोरेषा उभी झाली की मराठी वाचायला मान वाकडी करावी लागते.

गावातल्या सर्वेक्षणाच्या अहवालात वर्ड क्लाऊड घालावा का? – समाजकार्याचा विद्यार्थी, बीड

मुखपृष्ठावर खुशाल घाला, निष्कर्षात नको. ‘पाणी येत नाही’ आणि ‘पाणी भरपूर आहे’, दोन्ही वाक्यं ‘पाणी’च मोठं करतात. शिवाय ‘ग्रामपंचायत’ तेवढ्याच वेळा आला तरी लांबीमुळे ‘वीज’पेक्षा जास्त जागा खातो, आणि रंग तर बहुतेकदा उगाचच दिलेले असतात. आकडे दाखवायचे तर साधा स्तंभालेख काढा. आणि उत्तरं साइटवर चिकटवण्याआधी लोकांची नावं, फोन नंबर काढून टाका. हे विसरलं जातं.

छापल्यावर अक्षरं फुटली. – मंडळाचा कार्यकर्ता, पुणे

चित्र व्हॉट्सॲपवरून पाठवलं असणार. तिथे फोटो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए-४ चांगला छापायला साधारण २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. मोठ्या फ्लेक्ससाठी साइटवर एसव्हीजीची (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांत साठवलेल्या चित्राची) सोय असेल तर तीच फाइल घ्या, कितीही ताणली तरी कडा फुटत नाहीत. फक्त छापखान्यात देण्याआधी ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा. तिथे तो फॉन्ट नसेल तर अक्षरं बदलू शकतात.