मुळाशी दिसणारा काळा डाग
वाचकांचे प्रश्न : दात आणि हिरड्या

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक असून माझे वय ४६ आहे. लहानपणी मार लागल्याने वरचा, समोरच्या दाताशेजारचा दात काळा पडला होता. दोनदा रूट कॅनाल करूनही हिरडीवर पुटकुळी येऊन पू येत राहिला, म्हणून चार महिन्यांपूर्वी जळगावला मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया करून घेतली. आता दुखत नाही, पुटकुळीही नाही. मात्र परवाच्या एक्स-रेमध्ये काळा डाग अजून दिसतो. घरचे म्हणतात, दात काढून टाका. काय करावे?

उत्तर : दात काढण्याची घाई कृपया करू नका. एक्स-रेमधला काळा डाग म्हणजे मुळाशी हाड नसलेली जागा. त्रास नसताना चौथ्या महिन्यात दिसणारा असा डाग हा शस्त्रक्रिया फसल्याचा पुरावा नव्हे.

या शस्त्रक्रियेत मुळाचे साधारण ३ मिलिमीटर टोक कापतात, कारण जंतूंना दडून बसायला जागा देणारे नलिकेचे बारीक फाटे तिथेच अधिक असतात. मग उरलेल्या मुळाचे तोंड मागच्या बाजूने एमटीएसारख्या सिमेंटने बंद करतात. हाडात राहिलेला खड्डा रक्ताने भरतो, आणि ती रक्ताची गुठळी हाच पुढच्या सगळ्या बांधकामाचा पाया असतो. पहिल्या दिवशी जोराने चुळा भरू नका, असे आम्ही बजावतो ते त्यासाठीच. हिरडीच्या कडा काही दिवसांत जुळतात, आठवड्याच्या आत टाके निघतात आणि रुग्णाला वाटते की जखम भरली. आतले काम मात्र तेव्हा नुकते सुरू झालेले असते. गुठळीत बारीक रक्तवाहिन्या शिरतात, कोवळे तंतुमय ऊतक तयार होते आणि खड्ड्याच्या भिंतींपासून मध्याकडे नवे हाड धरू लागते. उन्हाळ्यात पाझर तलाव काठाकडून आटत मध्यापर्यंत येतो, तसा एक्स-रेमधला डाग कडेने लहान होत जातो. नवे हाड सुरुवातीला कोवळे असते. त्यात पुरेसे खनिज साठेपर्यंत ते एक्स-रेत उमटतच नाही, त्यामुळे चित्र नेहमी प्रत्यक्ष भरून येण्याच्या मागे असते. शेवटी कापलेल्या मुळावरही सिमेंटम या आवरणाचा पातळ थर बसतो आणि त्याला हाडाशी बांधणारे तंतू पुन्हा तयार होतात. मुळाभोवती एकसारखी बारीक काळी रेषा परत दिसली की हे घडले, असे आम्ही समजतो.

आपल्या दाताबाबत एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. या जागी मुळाच्या टोकाशी जंतूंमुळे झालेली गाठ मोठी असल्यास कधी कधी ओठाकडचे आणि टाळूकडचे अशी हाडाची दोन्ही कवचे झिजलेली असतात. तसे असेल तर मधल्या भागात हाडाऐवजी तंतुमय व्रण तयार होतो आणि छोटा डाग कायमचा राहतो. तो रोग नसतो, त्यावर उपचारही लागत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी हाड आरपार गेले होते का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. काढलेली गाठ तपासणीला पाठवली असल्यास तो अहवालही मागून घ्या.

पहिला खरा निवाडा शस्त्रक्रियेला १ वर्ष झाल्यावर करावा आणि तेव्हाही चित्र संदिग्ध असेल तर ४ वर्षांपर्यंत वर्षातून एकदा एक्स-रे काढून पाहावे. प्रत्येक वेळी एक्स-रे त्याच कोनातून घेतला पाहिजे, कारण कोन बदलला की तोच डाग लहान-मोठा दिसतो. शस्त्रक्रियेच्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवा, तुलना त्याच्याशीच करायची आहे. पुटकुळी परत आली, सूज आली, घास चावताना दुखले, दात हलू लागला किंवा डाग वाढला, तर मात्र वर्षाची वाट पाहू नका.

तंबाखूविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण आपल्या भागातील सवय पाहता सांगतो : तंबाखू किंवा विडी चालू असेल तर आजच बंद करा, कारण तिच्यामुळे जखमेचा रक्तपुरवठा आखडतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात हवी. भाकरी, कळण्याचीसुद्धा, खुशाल खा. फक्त कडक पापुद्रा किंवा ऊस त्या दाताने तोडू नका.