रेमेडियलच्या तासाला डोकं बंद पडतं. माझं डोकंच गणिताचं नाही का?

तुम्ही लिहिलंय की एम-वन (गणिताचा पहिला पेपर) राहिला, कॉलेजने रेमेडियलला, म्हणजे मागे पडलेल्यांच्या जादा तासाला, बसवलं आणि तिथे फळ्यावर बोलावलं की घरी सुटलेलं गणितही सुटत नाही. घरी सुटतं ना? मग डोक्याचा प्रश्न तिथेच मिटला.

मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांचे जादा तास घेतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून एसटीने येणारी पोरं. यादीत नाव लागलं हीच त्यांना शिक्षा वाटते, आणि याचा मला फार राग येतो. जादा तास हा त्यांचा हक्क आहे.

गणित करताना मधली उत्तरं, हातचे, चिन्हं मनात धरून ठेवावी लागतात. तिथे जागा मुळात थोडी. 'चुकलं तर हसतील' या विचाराने तीही अडते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हे तपासलं. हातच्याच्या बेरजा करताना सोबत काही अक्षरंही लक्षात ठेवायला लावली, तेव्हा गणिताला घाबरणाऱ्यांच्या चुका जास्त वाढल्या.

माझ्या वर्गातली एक मुलगी डेरिव्हेटिव्ह बिनचूक काढायची. शेवटी १/२ + १/३ आलं की २/५ लिहायची, उत्तर जुळलं नाही की अख्खं पान खोडायची. तिला वाटायचं, डेरिव्हेटिव्हच येत नाही. मी खोडू दिलं नाही. बरोबर असलेल्या प्रत्येक ओळीपुढे तिलाच टिक करायला लावली, आणि विचारलं, "अर्ध्यात आणखी भर घातली, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं?" थोडा वेळ ती २/५ कडे बघत राहिली. मग ५/६ तिनेच काढलं. अडलं होतं ते शाळेतल्या अपूर्णांकात.

तुम्हीही खोडरबर बाजूला ठेवा. मधली एकही पायरी मनातल्या मनात करू नका, कागदावर लिहा. सरांना सरळ सांगा, "सध्या फळ्यावर नको, वहीत करून दाखवतो." बहुतेक सर ऐकतात. पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवा. जेरार्डो रामिरेझ आणि सियन बायलॉक या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या अभ्यासात अशा लिहिण्याने परीक्षेला घाबरणाऱ्यांचे गुण सुधारले होते. अर्थात, कच्चे अपूर्णांक त्याने पक्के होणार नाहीत, त्यासाठी रोज थोडी गणितं सोडवावीच लागतील.

जमलं तर चुकलेल्या एखाद्या गणिताचा फोटो खोडाखोडीसकट इथे टाका. कुठल्या ओळीला घसरताय ते बघून सांगतो.