वाचक विचारतात: आर्नहेम लँडची शैलचित्रं एका दिवसात

प्रश्न: जुलैत आम्ही चौघं ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला जातोय, बरोबर ६८ वर्षांची आई आहे. आर्नहेम लँडमधली शैलचित्रं एका दिवसात होतील का? भाड्याची गाडी घेऊन आपले आपण गेलो तर?

उत्तर: एका दिवसात होतील, पण मुक्काम डार्विनला ठेवून नाही. डार्विन ते वाटेवरचं जबिरू गाव सुमारे २५० किलोमीटर. जाऊन-येऊन सहा तास गाडीतच जातील. आदल्या रात्री जबिरूला राहा. तिथून गनबलान्या गाव साधारण ६० किलोमीटर, आणि गावाला लागूनच शैलचित्रांची इंजालाक टेकडी.

भाड्याच्या गाडीचा विचार सोडा, सहल-कंपनीबरोबर जा. वाटेत ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवर काहिल्स क्रॉसिंग लागतं. तो एक बुटका फरशी पूल आहे. समुद्राची भरती इथवर चढते, पुलावरून पाणी वाहू लागतं आणि गाड्या खालच्या अंगाला ढकलल्या जातात. त्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. (अ‍ॅलिगेटर हा मगरीसारखाच पण वेगळा प्राणी; तो मात्र इथे एकही नाही, नदीला नाव देणाऱ्याने मगर ओळखली नाही.) त्यामुळे खोली बघायला पाण्यात उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. सहलीचे चालक भरतीचं वेळापत्रक पाहून निघतात, म्हणून निघायची वेळ बदलली तर कुरकुर करू नका.

नदीपलीकडे आर्नहेम लँड सुरू होतं. ती जमीन १९७६च्या जमीनहक्क कायद्यानुसार आदिवासींच्या मालकीची आहे. नदीच्या अलीकडे काकाडू राष्ट्रीय उद्यान आहे; त्याचा पास तिथे चालत नाही, नॉर्दर्न लँड कौन्सिल या आदिवासी जमिनींचं काम पाहणाऱ्या संस्थेचा परवाना वेगळा लागतो. सहल-कंपन्या तो काढून देतात. मात्र सगळ्यांची नावं आधीच कळवा, ऐन वेळी माणूस बदलला की घोटाळा होतो. सामानात दारूची बाटली नकोच.

आईंचं म्हणाल तर इंजालाकवर स्थानिक वाटाड्याबरोबर दोन-तीन तासांची चढउतार आहे. पायऱ्या नाहीत, कातळाला हात टेकून चढावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना नदीच्या अलीकडच्या उबिरला न्या. तिथली चित्रं सुमारे एक किलोमीटरच्या सोप्या वाटेवर आहेत. फक्त वरच्या कड्याचा चढ टाळावा. चढणाऱ्यांनी माणशी किमान दोन लिटर पाणी आणि पकड असलेले बंद बूट घ्यावेत, आणि सकाळचीच वेळ धरावी. दुपारी कातळ तापतो.

प्रश्न: काही चित्रं अगदी ताजी वाटतात. ती खरंच प्राचीन आहेत का? फोटो काढू देतात का?

उत्तर: ताजी वाटतात, कारण काही आहेतच ताजी. काकाडूतल्या अनबांगबांग निवाऱ्यातल्या प्रसिद्ध आकृती १९६४ साली पुन्हा रंगवलेल्या आहेत. पांढरी माती दगडावर पापुद्र्यासारखी बसते आणि लवकर सुटते. गेरूतलं लोह वालुकाश्मात मुरतं, म्हणून जुनं शोधायचं तर लाल रेषा शोधा: बारीक अंगाच्या, धावणाऱ्या, भाला उगारलेल्या आकृती. या मिमी नावाच्या आत्म्यांनी काढल्या, असं तिथले लोक मानतात. त्यांच्यावर कुठे कुठे पोटातली आतडी आणि पाठीचा कणा दाखवणारा बारामुंडी मासा रंगवलेला दिसतो. ही क्ष-किरण शैली नंतरची. एकाच भिंतीवर कुठला रंग कुठल्या रंगाखाली जातो, हे पाहण्यात अर्धा तास सहज जातो, आणि तो घालवावाच.

फोटोआधी प्रत्येक ठिकाणी वाटाड्याला विचारा. काही चित्रं बाहेरच्यांनी टिपायची नसतात. हात लावू नका, टेकून उभे राहू नका. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रावर पाणी तर चुकूनही मारू नका, त्याने रंग निघतो. पाय घासत चाललात तरी उडालेली धूळ रंगावर बसते.

उतरल्यावर घाईने गाडीत बसू नका. गावातल्या इंजालाक कलाकेंद्रात चित्रकार काम करत असतात. लव्हाळ्याची एकच काडी, तिचं टोक तासून केसासारखं केलेलं. ती रंगात बुडवायची आणि रेघ आपल्या अंगाकडे ओढत आणायची. सकाळी कातळावर पाहिलेल्या माशाचं पोट तशाच रेघांनी भरलेलं होतं. बायका केवड्याच्या कुळातल्या पँडनसच्या टोपल्या विणतात; खरेदी करायची तर इथेच करा.