इंग्रजी सर्वनामांविषयी, पिट्सबर्गला शिकायला गेलेल्या विद्यार्थिनीस

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्याच तासाला वर्गातल्या प्रत्येकाने नावापाठोपाठ ‘शी, हर’ (स्त्रीलिंगी) किंवा ‘दे, देम’ (एरवी अनेकवचनी) अशी आपल्यासाठी वापरायची सर्वनामे सांगितली, तेव्हा आपण काय सांगावे हे तुला सुचले नाही. घरी फोनवर ही हकीकत सांगितलीस, तर ‘एका माणसाला अनेकवचन लावणे म्हणजे उघड उघड अशुद्ध इंग्रजी’ असे तुझ्या काकांनी ठणकावून सांगितले. बसमध्ये आणि दुकानात कानावर पडणारे ‘यिन्झ’ हे काय प्रकरण आहे, हेही तू विचारले आहेस. तुला हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, मला ते एकच वाटतात, कारण इंग्रजीत सर्वनामाच्या शुद्धाशुद्धतेचा वाद वरून व्याकरणाचा दिसत असला, तरी आतून तो बहुतेक वेळा कोणाला मान द्यायचा आणि कोणाला नाही, याचाच असतो.

काकांचा आक्षेप आधी घेतो. मराठी माणसाने तो घ्यावा याचे मला नवल वाटते. ‘सर आले, ते कार्यालयात बसले आहेत’ असे आपण दिवसभर बोलतो, आणि त्या वाक्यात सर एकच असूनही सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही अनेकवचनी असतात. अर्थात दोन्ही भाषांतली रीत सारखी नाही. आपले अनेकवचन आदराचे आहे आणि त्यात लिंग शाबूत राहते: बाई असतील तर ‘त्या आल्या’ असेच म्हणावे लागते. इंग्रजी ‘दे’मध्ये आदराचा भाग नाही, लिंग न सांगण्याची सोय तेवढी आहे. पण व्यक्ती अज्ञात असेल तर मराठीही तीच सोय करते. ‘कोणीतरी छत्री विसरून गेले आहे’ यातले ‘गेले’ नपुंसकलिंगी आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. इंग्रज माणूस अशा ठिकाणी छत्रीला ‘देअर अंब्रेला’ म्हणतो, आणि एकाच व्यक्तीसाठी ‘दे’ वापरण्याची ही रीत त्या भाषेत चौदाव्या शतकापासून लेखी सापडते.

मग ती अशुद्ध कधी ठरली? अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी अशा ठिकाणी ‘ही’, म्हणजे आपल्या ‘तो’च्या अर्थाचे पुल्लिंगी, हेच सर्वनाम योग्य, असा आग्रह धरला आणि पुढे तो शाळाशाळांतून शिकवला गेला. 1850 साली ब्रिटिश संसदेने कायद्याची भाषा आटोपशीर करण्यासाठी एक कायदा केला आणि कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असे त्यात ठरवले. पुढे त्याच्या आधाराने मँचेस्टरमधल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी मतदार यादीत नाव मागितले. मतदानाच्या कायद्यातल्या ‘पुरुष’ या शब्दात आम्हीही येतो, हा त्यांचा युक्तिवाद होता. 1868 साली न्यायालयाने तो फेटाळला. कर भरताना आणि शिक्षा भोगताना पुल्लिंगी शब्दात स्त्री धरली जात होती, मताचा हक्क मागताच ती त्या शब्दाबाहेर गेली. ‘ही’ सर्वांसाठी आहे, त्यात कोणाला का खटकावे, असे कोणी तुला म्हणाले, तर हा खटला आठव. मी तो वर्गात शिकवीत असे, आणि व्याकरणाचा नियम कोणाच्या सोयीचा होता हा प्रश्न मुलांना त्यातून चटकन कळे.

‘यू’ची कथा तर याहून बोलकी आहे. ‘यू’ मूळचे अनेकवचन, एकवचनाला ‘दाउ’ होते. पुढे वरिष्ठांसाठी एकाही व्यक्तीला ‘यू’ आणि कनिष्ठांना, लहानांना, तसेच जिव्हाळ्याच्या माणसांना ‘दाउ’, अशी विभागणी झाली. आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखीच ती होती. प्रार्थनेत देवालाही ‘दाउ’च म्हणत, जसे आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो. 1603 साली सर वॉल्टर रॅले यांच्यावरील खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी त्यांना भर न्यायालयात ‘मी तुला ‘दाउ’ म्हणतो, देशद्रोह्या’ अशा अर्थाचे शब्द ऐकवले, आणि तेवढ्या एका सर्वनामात सरदाराचा अपमान झाला. त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक ईश्वरापुढे सगळे सारखे म्हणून न्यायाधीशांनाही ‘दाउ’ म्हणू लागले, आणि त्यापायी त्यांनी मार खाल्ला. शेवटी प्रमाण इंग्रजीतून ‘दाउ’ गेले आणि ‘यू’ सर्वांचे झाले. आजही एका माणसाला आपण ‘यू आर’ म्हणतो, म्हणजे अनेकवचनाचेच क्रियापद लावतो. काकांनी त्याला कधी हरकत घेतली नसेल.

‘दाउ’ गेल्यावर अनेकवचनी ‘तुम्ही’साठी वेगळा शब्दच उरला नाही, आणि ती जागा लोकांनी आपापल्या परीने भरली. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, आयर्लंडमध्ये ‘ये’ आणि ‘यूज’, लिव्हरपूल आणि ग्लासगोतही ‘यूज’, इंग्लंडमध्ये ‘यू लॉट’, आणि तुझ्या पिट्सबर्गात ‘यिन्झ’. हे शेवटचे ‘यू वन्स’ यावरून आले. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडमार्गे पश्चिम पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांनी ते सोबत आणले. पोलादाच्या गिरण्यांतल्या कामगारांची ती बोली झाली, आणि असे बोलणाऱ्याला सुशिक्षित लोक ‘यिन्झर’ म्हणून हिणवू लागले. आज तोच शब्द सदऱ्यांवर आणि चहाच्या मगांवर अभिमानाने छापलेला तुला दिसेल. त्यामुळे तू तो ऐक, समजून घे, पण गंमत म्हणून त्याची नक्कल करू नकोस. ज्यांच्या आजोबांना या शब्दापायी खाली पाहावे लागले, त्यांना नक्कल आणि आपुलकी यांतला फरक लगेच कळतो. ‘यॉल’ मात्र आता देशभर पसरले आहे, आणि ‘यू गाइज’ (‘गाइज’ म्हणजे मूळचे ‘पुरुष’) काही स्त्रियांना खटकते म्हणूनही पुष्कळ जण ‘यॉल’ पसंत करतात. तुझ्या तोंडी ते सहज बसले तर खुशाल वापर.

लिंग न सांगणारी सर्वनामे शाळकरी मुलेही घडवतात. बाल्टिमोरच्या शाळांत मुले तिसऱ्या व्यक्तीसाठी, ती मुलगा असो वा मुलगी, ‘यो’ म्हणतात, हे भाषाभ्यासकांनी 2007 साली नोंदवले. याउलट ‘थॉन’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम एका अमेरिकी वकिलाने एकोणिसाव्या शतकात मुद्दाम बनवले, ते शब्दकोशातही गेले, पण बोलण्यात कोणी घेतले नाही म्हणून कोशातूनही गळाले. ‘दे’ टिकले, कारण ते आधीपासून लोकांच्या तोंडी होते. 2019 साली मेरियम-वेबस्टर कोशाने ते वर्षाचा शब्द म्हणून निवडले.

आता वर्गाविषयी. जे कोणी ‘दे, देम’ सांगतील, त्यांच्याबद्दल बोलताना ‘दे आर’ म्हण, ‘दे इज’ नव्हे. चुकलीस तर तिथल्या तिथे शब्द बदल आणि पुढे बोलत राहा. लांबलचक माफी मागितलीस, तर समोरच्यालाच तुझी समजूत काढावी लागते. ‘का’ असे विचारू नकोस, सांगायचे असेल तर ते आपणहून सांगतील. व्यक्ती समोर असताना तिच्याबद्दल सर्वनामाने बोलण्यापेक्षा नाव घेणे बरे. ही शिस्त इंग्रज घरांत जुनीच आहे. मुलाने समोर बसलेल्या बाईंना ‘शी’ म्हटले, की ‘शी म्हणजे कोण, मांजरीची आई?’ असे दटावत. तुझी सर्वनामे सांगणे मात्र तुझ्या मर्जीवर आहे, नुसते नाव सांगितलेस तरी चालते. आणि हा विषय तिथे आता तापलेला आहे, हेही ध्यानात असू दे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या अनेक खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना ईमेलच्या सहीखालून सर्वनामे काढायला सांगण्यात आले. वसतिगृहात कोणी तावातावाने बोलू लागले, तर बाजू घेण्याआधी ते कोणत्या माणसाविषयी बोलत आहेत ते पाहा. तो माणूस तिथे बसलेला असेल, तर आपली मते क्षणभर बाजूला ठेव आणि त्याला हवे ते सर्वनाम वापर. त्यात तुझे काहीही जात नाही आणि त्याला तिथे निर्धास्त बसता येते.

प्रबंधात ‘ही ऑर शी’ लिहावे की ‘दे’, हेही तू शेवटी विचारले आहेस. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेची 2019 ची सातवी आवृत्ती एकवचनी ‘दे’ची शिफारस करते. तुझ्या विभागात तीच पुस्तिका पाळतात का, हे मार्गदर्शकांना विचारून घे, आणि पहिले प्रकरण झाले की मला पाठव.

तुझे,
सर