सांधा 'बसवणे' की 'जागेवर राखणे'?

फोंड्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. भाचीच्या जबड्याची शस्त्रक्रिया बांबोळीला ठरली आहे. डॉक्टर म्हणाले, "कॉन्डाइल (जबड्याच्या हाडाचं सांध्यातलं टोक) नीट सीट झाला पाहिजे." घरी आजीला 'सांधा बसवणार' असं सांगितलं, तर ती घाबरली: "म्हणजे पोरीचा सांधा निखळलाय?" मग म्हणायचं काय?

आजीचं बरोबर आहे. मराठीत बसवतात तो उतरलेला सांधा. इथे सांधा जागच्या जागीच असतो. तो तिथून हलू नये ही सगळी धडपड.

खालचा जबडा पुढेमागे घेण्याची जी रीत आज सर्रास वापरतात, ती ट्राउनर आणि ओब्वेगेसर या सर्जनांनी 1957 साली मांडली. दोन्ही बाजूंना, दाढांच्या मागे, हाड उभं चिरून त्याचे दोन पदर करतात. दातांचा पुढचा भाग हवा तिथे सरकवतात. मागचा, सांध्याकडचा तुकडा मात्र आता सुटा झालेला असतो. भुलीमुळे स्नायू ढिले, त्यात माणूस उताणा. हा तुकडा खाली-मागे सरकू पाहतो. म्हणून हाडाचे तुकडे जोडणाऱ्या प्लेटचे स्क्रू आवळेपर्यंत सर्जन त्याला कवटीच्या खोबणीत टेकवून धरतो. तेही हलकेच, कारण जोरात रेटला तर सांध्यातल्या चकतीवर दाब येतो. मग वरखालचे दात बांधणाऱ्या तारा सोडून जबडा हाताने मिटून बघायचा. पुढच्या दातांत फट दिसली, तर पहिला संशय सांध्यावर: स्क्रू काढा, पुन्हा लावा.

तेव्हा 'सांधा जागेवर राखणे' म्हणा, किंवा नेमकं हवं तर 'हाडाची गुंडी खोबणीत टेकवून धरणे'. कॉन्डाइल म्हणजे अख्खा सांधा नव्हे, जबड्याच्या हाडाचं वरचं गोलसर टोक. त्याला गुंडी म्हटलेलं मला आवडतं. 'उखळी' मात्र नको. शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा खांद्याचा नि खुब्याचा. जबडा आधी बिजागरीसारखा उघडतो आणि मग पुढे घसरतोही, जांभई देताना कानापुढे बोट ठेवून पाहा.

आणि हो, प्रश्नात एके ठिकाणी 'हनुवटीचं ऑपरेशन' असं आलंय. संस्कृतात हनु म्हणजे जबडा खरा, पण मराठीत हनुवटी म्हणजे ओठाखालचं टोक तेवढंच. तिची शस्त्रक्रिया वेगळी असते, आणि तीत सांध्याला हात लागत नाही. आजीला सांगताना एवढं सांभाळा.