पहिल्यांदाच जोडलेला पीसी सुरू होत नाही, पंखे फिरून थांबतात. मदरबोर्ड गेला का?

बहुतेक नाही. आणि मल्टिमीटर न लावता 'मदरबोर्ड गेला' असं ज्याने सांगितलं, त्याच्याकडून पुढचा पार्ट घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय ते असं: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, घर रत्नागिरीजवळ. बटण दाबलं की पंखे दोन-तीन सेकंद फिरतात, थांबतात, आपोआप पुन्हा फिरतात. आणि शेवटी जाता जाता, 'कॅबिनेटला ओला हात लागला की मुंग्या येतात, पण आमच्याकडे फ्रिजलाही येतात.' पंख्यांचं आधी उरकतो. मला मुंग्यांवर बोलायचंय.

सगळं कॅबिनेटबाहेर काढा. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवा. रुपेरी पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या थरातून थोडीफार वीज वाहते. बोर्डवर फक्त प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम, तीही प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, म्हणजे ए२ मध्ये. ग्राफिक कार्ड असेल तर काढून ठेवा. ७६०० मध्येच ग्राफिक आहे, एचडीएमआय बोर्डच्या पाठीमागे लावा. २४ पिनचा कनेक्टर कट् आवाज येईपर्यंत दाबा. मग वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनचा, ज्याच्या वायरवर 'सीपीयू' छापलेलं असतं तो. पहिल्या जोडणीत हाच विसरतो, किंवा ४+४ मधला अर्धाच बसतो. ग्राफिक कार्डाचा ६+२ दिसायला तसाच असतो, पण त्याच्या पिनांचे आकार वेगळे. जोर लावून बसवलात तर खरंच बोर्ड जाईल. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायरींचा, असेल तर त्याच्याच खोक्यातल्या वायरी वापरा, जुन्या एसएमपीएसच्या नकोत. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

आता फ्रंट पॅनेलच्या पिनांमधल्या पॉवर स्विचच्या दोन पिना (बहुतेक बोर्डांवर ६ आणि ८, तरी मॅन्युअल बघा) स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवा. खोक्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये चालत नसेल तर बोर्डखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो छोटा खांब) जास्तीचा राहिलाय. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसवला की हे हटकून होतं: भोक नाही तिथे स्टँडऑफ उभा, आणि तो बोर्डच्या पाठीवर सोल्डरच्या टाक्यांना टेकतो. चार सेकंद चालून बंद पडला आणि बंदच राहिला तर कॅबिनेटचं पॉवर बटण आत अडकलंय, कारण बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होते. खाऱ्या हवेत स्वस्त बटणाची स्प्रिंग लवकर गंजते.

खोक्यावरही तेच चाललं असेल तर बोर्डवरचे चार छोटे दिवे बघा. डीआरएएमचा, म्हणजे रॅमचा, पेटून राहिला तर दुसरी रॅम, मग दुसरी खाच, मग वीज काढून बॅटरी (सीआर२०३२) पाच मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा. सीपीयूचा पेटला तर आधी तोच ८ पिनचा कनेक्टर, मग कूलर आणि प्रोसेसर उतरवून सॉकेटच्या पिना. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. १७१८ पिनांच्या रांगांमध्ये वाकलेली एक पिन चमक बदलून दिसते. एसएमपीएस मोजताना १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ आणि ५ च्या लाइनवर ४.७५ ते ५.२५ यायला हवेत. एवढं झालं की तुमच्या प्रश्नाचं नव्वद टक्के झालं.

आता मुंग्या.

'आमच्याकडे फ्रिजलाही येतात' हे वाक्य देवगडपासून श्रीवर्धनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं, जसं काही ते हवामानच आहे. ते हवामान नाही. तुमच्या घराला अर्थिंग नाही. सॉकेटला तिसरं भोक आहे, हिरवी वायर आहे, अर्थिंग नाही.

गुहागर तालुक्यातल्या एका घरचा पीसी माझ्या टेबलावर तीनदा आला. पहिल्यांदा ग्राफिक कार्डाचा एचडीएमआय पोर्ट गेलेला, दुसऱ्यांदा बोर्डचा, आणि मधल्या काळात त्यांच्या टीव्हीचा. टेबलावर मशीन दिवसभर चालायची, घरी गेली की आठवड्यात काहीतरी जायचं. घरचे म्हणायचे पार्ट डुप्लिकेट. त्यांचा वायरमन म्हणायचा, 'तुमचा एसएमपीएस लीक मारतो, आमचं अर्थिंग ओके आहे, टेस्टर लावून बघितलंय.' शेवटी मीटर घेऊन त्या घरी जावं लागलं. फेज-न्यूट्रल २२६ व्होल्ट. फेज-अर्थ १३१. न्यूट्रल-अर्थ ९७. खरं अर्थिंग असतं तर दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत आला असता.

मग वायर धरत गेलो. हिरवी वायर पडवीतून मीटरच्या फळीपर्यंत, तिथून ८ नंबरची जीआय तार खाली न्हाणीकडे, आणि तिथे नळाच्या लोखंडी पाइपाला पाच-सहा वेढे. तार घट्ट, वेढे सारखे, वर ऑइलपेंटसुद्धा. पाइप मात्र जांभ्याच्या भिंतीत दोन फूट होता आणि तिथेच संपत होता. नळाची लाइन कधीतरी प्लास्टिकची झाली, जुन्याचा तुकडा चिऱ्यात अडकला म्हणून कुणी काढला नाही. सगळ्या घराचं अर्थिंग त्या तुकड्यावर, आणि तुकडा जमिनीपर्यंत पोचतच नव्हता.

एसएमपीएस 'लीक मारतो' हे खरं, पण तो दोष नाही, रचना आहे. प्लगजवळच्या फिल्टरमध्ये फेजकडून बॉडीला एक आणि न्यूट्रलकडून बॉडीला एक असे छोटे कपॅसिटर असतात. त्यांनी विजेतली खरखर (नॉइज) अर्थमध्ये सोडायची असते. अर्थ तुटलेलं असलं की बॉडी दोघांच्या मधोमध लटकते: साधारण ११५ व्होल्ट. करंट मिलीअँपिअरच्या अंशात असतो, म्हणून माणसाला मुंग्या येतात, मरत नाही. पण पाच व्होल्टवर बोलणाऱ्या एचडीएमआयच्या पिनेला तेवढा पुरतो. टीव्हीला डिशची केबल, डिश छपरावर, दोन यंत्रांच्या बॉडीत शंभर व्होल्टचा फरक आणि तुम्ही चालू मशीनमध्ये केबल खोचताय. पोर्ट जाणारच.

ह्याहून वाईट म्हणजे विहिरीचा पंपही त्याच हिरव्या वायरवर होता. पंपाचं वाइंडिंग पावसाळ्यात ओलं होऊन बॉडीला लागलं की फेज त्या वायरने थेट कॅबिनेटवर, फ्रिजवर आणि वॉशिंग मशीनवर येते. तेव्हा मुंग्या येत नाहीत, माणूस जातो. अर्थिंग अजिबात नसण्यापेक्षा हे लटकतं अर्थिंग जास्त धोक्याचं. त्या वायरमनचं अजून म्हणणं आहे की कॉम्प्युटरवाले उगाच बाऊ करतात. टेस्टरचा दिवा फेज दाखवतो. अर्थ जमिनीत पोचली की नाही हे त्याला कळायला वाटच नाही.

तुमच्याकडे काय करायचं: मीटर एसी ७५० वर ठेवून वरचे तीन आकडे घ्या. ते बरे आले तरी समाधान मानू नका, मीटरला चिमूटभर करंट पुरतो. घरातले सगळे थ्री-पिन प्लग काढून वायरमनला फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा पिवळा बल्ब लावायला सांगा. तो पूर्ण पेटायला हवा. आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ती पडेल, आणि ते चांगलंच. हे स्वतः करू नका.

अर्थिंगचा नवा खड्डा घेताना आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे जीआय पाइप किमान ३८ मिमी आतल्या व्यासाचा आणि अडीच मीटर लांब हवा. जांभ्यात अडीच मीटर खणायला लोक कंटाळतात आणि दोन फुटांवर सळई ठोकून बिल करतात. त्यापेक्षा जागा नीट निवडा: न्हाणीचं सांडपाणी जिथे माडाच्या आळ्यात जातं तिथे. ती माती मे महिन्यातही ओली असते. मोजायचं तेही मे महिन्यात. जुलैत कोकणात कुठलंही अर्थिंग पास होतं. मीठ-कोळसा भरला की काम संपलं असं समजू नका, मीठ पावसात वाहून जातं आणि पाइप मात्र खाऊन जातं. आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवाच. जांभ्यात अर्थचा रेझिस्टन्स पाच ओहमच्या खाली आणणं कठीण, पण ही आरसीसीबी शंभर ओहमलाही तुम्हाला वाचवते. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'झालं काम' म्हणणारा वायरमन दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटली तर अख्खं कॅबिनेट फेजवर येईल.

तुमचा पंख्यांचा लूप अर्थिंगमुळे आहे असं मात्र मी म्हणत नाही. तो जवळपास नक्की ८ पिन, रॅम किंवा स्टँडऑफ. पण अर्थिंग न करता पीसी चालू केलात तर वर्षभरात पुन्हा इथेच प्रश्न टाकाल.

आणखी एक, खरं तर वरच लिहायला हवं होतं: पंखे न थांबता फिरत असतील आणि डीआरएएमचा दिवा पेटलेला असेल तर काहीही खोलू नका. एएम५ सॉकेटचा (तुमचा तोच) बोर्ड पहिल्या वेळी डीडीआर५ रॅम जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, मध्ये एक-दोनदा स्वतःहून रीस्टार्टही होतो. पंधरा मिनिटं वाट बघा. बॅटरी काढलीत की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून दर पाच मिनिटांनी बॅटरी काढत बसू नका.

बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आलीच तर आधी सॉकेटचा जवळून फोटो घ्या आणि सॉकेटचं काळं झाकण लावूनच पाठवा. वाकलेली पिन वॉरंटीत येत नाही, आणि ती कुणाच्या हातून वाकली हे फोटोशिवाय सांगता येत नाही. झाकण फेकून दिलं असेल तर आज कचऱ्याची गाडी यायच्या आत शोधा.